बाईनं लावलं

१

मंगळवारी सकाळी रुख्मिणीबाई गिराम झरीच्या बालवाडीपाशी पोचल्या, तेव्हा फाटकाला कुलूप होतं आणि कुलपाबाहेर पन्नासेक माणसं उभी होती. लेकरं आयांच्या कडेवर होती. आत ओसरीवर संघप्रिया एकटीच उभी होती. किशनराव कदमांनी तिला आत ठेवूनच कुलूप घातलं होतं.

"कुलूप काढा," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"पोलीस आल्यावर निघंल," किशनराव म्हणाले. "माझ्या नातीला चटके दिलेत हिनं. पोटावर. चार वर्षांचं लेकरू! फोटो बघा, मंग बोला."

फोटो रात्रीच गावभर मोबाइलवर फिरला होता. चिमुकलं पोट, बेंबीभोवती गोल फोड, मध्ये काळे डाग. रुख्मिणीबाईंनीही तो पाहिला होता आणि पाहून त्यांना जेवण गेलं नव्हतं.

'सावली' बालवाडी गावातल्या बायांनीच सहकारी संस्था करून काढलेली. ज्यांची लेकरं तिथं येत त्या सगळ्या आया सभासद. प्रत्येकीनं पाळीपाळीनं दिवसभर येऊन बसायचं, खिचडी रांधू लागायचं, आणि मुख्य ताई कोण हे सभासदांच्या मतानं ठरायचं. खोल्या मात्र किशनरावांच्या. रुख्मिणीबाई अध्यक्ष. परभणीच्या कोर्टात साक्षीदारांच्या जबान्या उतरवून घेण्यात त्यांची नोकरी सरली, आणि निवृत्त होऊन त्या गावी परतल्या तेव्हा बायांनी हे पद त्यांच्या गळ्यात घातलं.

"नातीनं नाव घेतलं का हिचं?" त्यांनी विचारलं.

"घेतलं की! पाच माणसांदेखत घेतलं. मी इचारलं, कुणी केलं गं? तर म्हनली, बाईनं. शाळेची बाई कोन हाय? हीच ना?"

गर्दीतनं दोघीचौघींनी माना डोलावल्या. त्या काल रात्री किशनरावांच्या अंगणात हजर होत्या.

रुख्मिणीबाईंनी हात पुढे केला. तो हात तसाच राहिला, मागे सरेना, तेव्हा किशनरावांनी किल्ली दिली.

"गुरुवारी सभा हाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सभेनं हिला काढलं तर ठीक. न्हाई तर त्याच पावली ठाण्यात जातो. एकदा का तकरार झाली, की हिला जल्मात कुटं नोकरी लागायची न्हाई."

कुलूप निघालं. संघप्रिया ओसरीवरून हलली नाही. 

"काकू, मी तिला हात लावला न्हाई," ती म्हणाली. "काल दिवसभर ती माझ्याजवळ आलीच न्हाई. पोट धरून भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं, आईची आठवण यायलीय. मी बघायला पाहिजे होतं. तेवढंच माझं चुकलं."

रुख्मिणीबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. लेकरू दिवसभर पोट धरून बसलं होतं. मग चटका दिला कधी?

२

बालवाडीत माणसं मोजकी. मुख्य ताई संघप्रिया, बौद्ध वस्तीतल्या सिद्धोधन खरातांची मुलगी. दुसरी ताई मनिषा. स्वयंपाकाला आणि लेकरांचं हगणं-मुतणं काढायला सुलाबाई, जिला लेकरं सुलाआजी म्हणत. आणि लेकरांना आणणारा रिक्षावाला पंडित. सोमवारी पाळी किशनरावांच्या नातीच्या, ईश्वरीच्याच आईची, प्रियांकाची होती. पण ती शनिवारपासून गंगाखेडला माहेरी गेलेली. सोमवारी सांजच्याला परतली, लेकीला न्हाऊ घालायला बसली आणि फोड बघून तिनं टाहो फोडला. त्या टाहोनंच शेजार गोळा झाला होता.

म्हणजे सोमवारी बालवाडीत या तिघींशिवाय मोठं माणूस नव्हतं.

मनिषाची जबानी घ्यायला रुख्मिणीबाईंना कुठं जायचं नव्हतं. मनिषा त्यांची पुतणी. आई लहानपणीच गेल्यावर त्यांच्याच हातांखाली वाढलेली, नवऱ्याशी फाटल्यावर त्यांच्याच घरी परत आलेली. ती चुलीपुढं बसून भाकरी थापत होती.

"सकाळी ईश्वरी आली तेव्हा पोटावर काही होतं का?"

"काहीच नव्हतं काकू." भाकरी थापायचे हात थांबले नाहीत. "मी स्वतः बघितलंय. आल्या आल्या तिनं पाण्याचा तांब्या अंगावर सांडला. सुलाआजीनं तिची समीज काढून दुसरी घातली. मी तिथंच उभी होते. पोट साफ होतं."

"नंतर?"

"नंतर मी मोठ्या लेकरांना घेऊन मागच्या खोलीत होते. पुढच्या खोलीत संघप्रिया." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तिनं केलं असं मी म्हणायली न्हाई. पण चुलीवर उलथनं होतं, आणि तिला राग लवकर येतो. तुमी अध्यक्ष हाव. तुमी ठरवा."

ही जबानी संघप्रियाच्या मानेवर सुरी ठेवणारी होती. सकाळी पोट साफ आणि संध्याकाळी फोड, तर मधल्या वेळात जे घडलं ते बालवाडीतच घडलं.

दुपारी रुख्मिणीबाई सुलाबाईच्या घरी गेल्या. म्हातारी दारात बसून तूर निवडत होती. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसरा अर्धा. रुख्मिणीबाईंना आवाजावरून ओळखताच तिनं उजवा हात पदराखाली घेतला.

"हात काहून लपवायलीस सुलाबाई?"

"कुटं काय?"

"दाखव."

म्हातारीनं तोंड फिरवलं. रुख्मिणीबाईंनी तिचा पदर बाजूला केला.

तिच्या अंगठ्यावर आणि दोन बोटांवर फोड आले होते. टपोरे, पाण्यानं भरलेले, ईश्वरीच्या पोटावर होते तसेच.

३

"मारून टाकतील मला," सुलाबाई रडायला लागली. "म्हणून लपिवला. लोक म्हणतील, हिनंच लेकराला भाजलं आन् हिचाबी हात भाजला."

"तू भाजलंस का?"

"माझ्या नातवंडांची आन, न्हाई! काल चुलीला माझं बोटबी लागलं न्हाई. सकाळच्याला निस्ती खाज हुती. रातच्याला फोड वर आले."

"खाज? आधी खाज आली?"

"लय खाज. आधी खाज, मंग आग, मंग फोड."

रुख्मिणीबाई तिच्या शेजारी जमिनीवरच बसल्या. विस्तवानं भाजलं तर आधी आग होते, फोड लगेच वर येतो. खाजेनं सुरुवात होत नाही.

"सोमवारी तू काय काय धरलंस, सगळं सांग. पहिल्यापासून."

म्हातारीनं सांगितलं. लेकरं आली. ईश्वरीनं तांब्या सांडला. ओली समीज अंगाला चिकटली होती, ती ओढून काढली. लेकरू कळवळलं. दुसरी समीज घातली, ओली पिळून दोरीवर टाकली.

"पोटावर काही दिसलं?"

"मला काय दिसतंय माय? लेकराचं तोंडच अंदाजानं वळखते."

"आणि मनिषा तिथं होती?"

"हुती की. माझ्या बाजूलाच. तिनंच तर सांगितलं, सुलाआजी, हाताला खोबऱ्याचं तेल चोळा म्हणून."

"कधी सांगितलं? फोड आल्यावर?"

"फोड रातीचे. तिनं तवाच सांगितलं, समीज दोरीवर टाकली तवा. मी म्हनलं, काहून? तर म्हनली, उगं चोळा. आता शाळंत करडीचं तेल. खोबऱ्याचं कुटून आणू? न्हाई चोळलं."

 ते वाक्य रुख्मिणीबाईंनी बाजूला ठेवलं. पण ते बाजूला राहायला तयार नव्हतं.

त्या बालवाडीत गेल्या. मागच्या दोरीवर समीज अजून वाळत होती. पांढरी, गळ्याला गुलाबी दोरा. पोटाजवळ चार-पाच काळे-तांबूस ठिपके. त्यांनी हौदावर साबण लावून ते चोळून पाहिले, फक्त कडा धरून. ठिपके तसूभर फिकट झाले नाहीत. कापड कुठंही जळलेलं नव्हतं.

फाटकाशी पंडित रिक्षा पुसत होता.

"पंडित, सोमवारी ईश्वरी रिक्षात कशी बसली?"

तो इकडं तिकडं बघून हळू बोलला. "बसली कुटं? मी नेहमीसारखं कमरंला धरून उचलाया गेलो तर किंचाळली. पोटाला हात लावू देईना. मंग तिच्या घरच्या आजीनंच बखोटीला धरून चढिवली." त्यानं फडकं पिळलं. "पर माझं नाव घेऊ नका. माझी रिक्षा किशनरावच्या वाड्यात उभी राहती. उद्या ते म्हनले, काढ, तर मी कुटं जाऊ?"

"सकाळची गोष्ट ही? बालवाडीत यायच्या आधीची?"

"मंग? आणताना तर म्हणायलोय मी."

म्हणजे दुखणं घरूनच आलं होतं. आणि मनिषा खोटं बोलत होती.

४

किशनरावांच्या ओसरीवर रुख्मिणीबाईंना पाट मिळाला, चहा मिळाला. किशनराव समोर बसले. त्यांची बायको सरजाबाई खांबाआड बसली होती, डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. सून प्रियांका आतल्या दारात उभी.

"लेकराला दवाखान्यात कधी नेलं?" रुख्मिणीबाईंनी विचारलं.

"घरीच मलम लावलंय."

"परभणी इथून हाकेच्या अंतरावर. नातीला एवढे चटके बसले, तुम्ही पोलिसात जायला निघालात, आणि डॉक्टरला दाखवलं नाही? ठाण्यात पहिला कागद डॉक्टरचाच मागतील."

किशनरावांनी चहाची बशी खाली ठेवली. "वकिलासारखं बोलू नका वहिनी. तुमची ती खरातांची पोरगी वाचवायला आलाव, हे मला कळतंय. वर्षभर गोलात बसवून सगळ्यांची लेकरं जेवायला घातली तिनं. आमी काही बोललो का? डबा बांधून दिला नातीला, गप बसलो. पर आता अंगावर आलं."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे बोलायला नको होतं.

"लेकरू बघू द्या मला," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

नाही म्हणता येईना. ईश्वरी आतल्या खोलीत गोधडीवर पडली होती. झबलं वर होतं. पोट तेलानं चमकत होतं आणि खोलीत खोबरेलाचा वास भरला होता. ठिपके अगदी बेतानं दिलेले होते, बेंबीच्या वर, खाली, डावीकडं, उजवीकडं. रागानं चटके देणारा माणूस असे जागा राखून देत नाही. कुणीतरी लेकराला मांडीवर घेऊन, सावकाश, काळजीनं ते टेकवले होते.

"ईश्वरी, काय झालं गं बाळा?"

"बाईनं लावलं."

रुख्मिणीबाई तिच्याजवळ वाकल्या. गर्दीनं त्यांना सांगितलं होतं, बाईनं केलं. बाईनं चटका दिला. लेकरू तसं म्हणतच नव्हतं. लेकरू म्हणत होतं, लावलं.

चटका कुणी लावत नाही. लावतात ते औषध.

"कोणत्या बाईनं?" त्यांनी विचारलं. दारातून प्रियांकानं जोरात श्वास घेतला.

लेकराला तो प्रश्न कळला नाही. ते कंटाळून कुशीवर वळलं आणि ओसरीच्या दिशेनं हाक मारली, "बाई, पानी!"

खांबाआडची सरजाबाई तांब्या घेऊन उठली.

५

बालवाडीत बाई कुणी नव्हतीच. संघप्रियाताई, मनिषाताई, सुलाआजी. संस्था निघाली त्या दिवसापासून लेकरांच्या तोंडी हीच नावं होती. शाळेची बाई म्हणायचे ते गावातले मोठे. किशनरावांच्या घरात मात्र पोरगा जीवन आपल्या आईला बाई म्हणायचा, आणि बापाचं ऐकून नातही म्हणायची. ती नोकरीपायी पुण्यात राहणाऱ्या बापाची हाक होती.

बिब्बा. ते काळं, टणक फळ सुईला टोचून दिव्यावर धरायचं, तेलाचा थेंब सुटला की पोट दुखणाऱ्या लेकराला त्याचे ठिपके द्यायचे. जुन्या बायांचा हा उपाय. कोवळ्या कातडीवर तो उततो आणि भाजल्यासारखे फोड एखाद्या दिवसानं वर येतात. त्याचं तेल ज्याला लागेल त्याचीही कातडी जाते. म्हणून समीज ओढणाऱ्या सुलाबाईच्या बोटांना फोड आले. कपड्यावर पडला तर डाग कायमचा, म्हणूनच परभणीचे धोबी पूर्वी कपड्यांवर बिब्ब्यानं खुणा घालायचे. आणि उतलेल्या बिब्ब्याला उतार काय, तर खोबऱ्याचं तेल.

सरजाबाईंनी विस्तव हाती घेतला नव्हता. नात कण्हत होती, सून माहेरी होती, त्यांनी आपल्या आईनं केलं तेच केलं. नंतर फोड उठले, सून ओरडली, शेजार जमला. नात 'बाईनं' म्हणाली आणि ती कोणाला म्हणतेय हे त्या अंगणात किशनराव, सरजाबाई आणि प्रियांका, तिघांनाही त्याच क्षणी कळलं होतं. बाहेरच्यांना कळायच्या आत किशनरावांनी त्याच्यापुढं 'शाळेची' जोडलं.

रुख्मिणीबाई निघाल्या तेव्हा प्रियांका फाटकापर्यंत आली.

"सभेत एक वाक्य बोलशील?" त्यांनी विचारलं. "एका पोरीचा जन्म वाचेल."

"मला ह्याच घरात राहायचंय मावशी," प्रियांका म्हणाली आणि फाटक लावून घेतलं.

घरी मनिषा वाट बघत होती. रुख्मिणीबाईंनी पिशवीतली समीज काढून तिच्यापुढं ठेवली.

"सुलाबाईला तू तेल लावायला सांगितलंस. तेव्हा तिच्या हाताला काहीच झालं नव्हतं. होणार, हे तुला कशावरून कळलं?"

मनिषानं समीजेला हात न लावता पाय मागं घेतला.

"तू ठिपके बघितलेस. बिब्बा ओळखलास. म्हातारीचा हात वाचावा एवढी दया तुला आली. मग संघप्रियाची का नाही आली?"

"मी काय केलं काकू? बिब्बा मी लावला न्हाई. तिचं नाव मी घेतलं न्हाई. मी फक्त बोलले न्हाई."

"पोट साफ होतं, असं तू बोललीस. माझ्या तोंडावर बोललीस."

मनिषाचे डोळे भरून आले, पण त्यात पश्चात्ताप होता की राग, ते कळेना. "माझं शिक्षण तिच्याएवढंच. नोकरी तिच्याआधीची. मुख्य ताई व्हायची वेळ आली तर सगळ्यांनी हात तिच्यासाठी वर केला. तुमीबी केला. घरात वाढवलंत, जेवायला घातलंत, आन् हात तिच्यासाठी वर केलात. मी तुमच्याकडंच बघत होते तेव्हा." ती उठली. "सांगा आता सभेत. नवऱ्यानं टाकलेली, आता गावानंबी टाकू द्या."

रुख्मिणीबाईंनी समीज कडा धरून परत पिशवीत टाकली.

६

गुरुवारी दुपारी बालवाडीच्या मोठ्या खोलीत सभा भरली. बाया सतरंजीवर, गडीमाणसं ओसरीवर. संघप्रिया एका कोपऱ्यात आपल्या वडिलांशेजारी बसली होती. सुलाबाई पदराखाली हात घेऊन तिच्या मागे. सरजाबाई आली होती, प्रियांका आली नव्हती.

किशनरावांनी बोलून घेतल्यावर रुख्मिणीबाई उभ्या राहिल्या. त्यांनी समीज वर धरली.

"हे डाग बघा. विस्तवानं कापड जळतं, हे जळलेलं नाही. साबणानं धुतलं, डाग निघत नाही. सुलाबाई, हात दाखव. भिऊ नको. हिनं ही समीज सोमवारी सकाळी लेकराच्या अंगावरनं काढली आणि रात्री हिच्या हाताला फोड आले. भाजलेल्याला शिवल्यानं दुसरा भाजत नाही. मग हे काय असेल?"

"बिब्बा," मागून एक म्हातारी पटकन बोलून गेली, आणि बोलल्यावर पदर तोंडावर घेतला.

"बिब्बाच. आणि तो लावल्यावर फोड यायला वेळ लागतो. सोमवारी सकाळी ठिपके अंगावर होते, तर लावला रविवारी. रविवारी बालवाडी बंद असते." त्या किशनरावांकडं वळल्या. "तुम्ही ठाण्यात जायला निघालात पण दवाखान्यात गेला नाहीत, कारण डॉक्टरनं बघताक्षणी ओळखलं असतं. आणि लेकरानं नाव घेतलं ते खरंच. बाईनं लावलं. या बालवाडीतलं एक तरी लेकरू ताईला बाई म्हणतं का? विचारा तुमच्या पोरांना. ईश्वरी बाई कोणाला म्हणते, ते सरजाबाई, तुम्ही सांगता की मी सांगू?"

सरजाबाई उठली. नवरा काय डोळे वटारतोय ते तिनं पाहिलंच नाही.

"मीच लावला," ती म्हणाली. "पोट दुखायलं हुतं लेकराचं, रातभर कण्हायली. मी काय वैरीण हाय तिची? मला कुनी इचारलंच न्हाई. हे म्हनले, गप बस, तर गप बसले."

खोलीत कुजबुज उठली. सिद्धोधन खरातांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. रुख्मिणीबाईंना वाटलं, सुटली पोरगी.

तेवढ्यात पुढं बसलेल्या एका बाईनं विचारलं, "पर काकू, मंग मनिषाताई तर सगळ्यांला सांगायली होती, सोमवारी सकाळी पोट साफ होतं म्हणून? समीज काढताना ती तिथंच होती म्हणं."

सगळ्यांच्या माना मनिषाकडं वळल्या. मनिषा आपल्या पायाच्या बोटांकडं बघत होती. रुख्मिणीबाईंना तिच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांत दहा वर्षांची पोर दिसली, आईच्या तिरडीमागं चाललेली, त्यांचं बोट धरून.

"तिच्या ध्यानात आलं नसेल," त्या म्हणाल्या. "लेकरांच्या गडबडीत."

विचारणारी बाई खाली बसली.

किशनराव खाकरले. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता. "झालं तर. गैरसमज झाला. बायकांच्या औषधापाण्यातलं आपल्याला काय कळतं? कुनी मुद्दाम खोटं बोललं न्हाई. आमचंबी चुकलं न्हाई आन् त्या पोरीचंबी न्हाई. मी तकरार करीत न्हाई." त्यांनी सगळीकडं नजर फिरवली. "पर एक सांगतो. पोरीचं नाव गावभर झालंय. वाद झालेली बाई लेकरांवर नको. सोन्यासारखी मनिषा हाय, तिला मुख्य करा. खोल्या माझ्या हाईत, तुमाला दिल्यात, पुढंबी देईन. वाद नको एवढंच."

"वाद कुणी केला?" रुख्मिणीबाई ओरडल्या. "हिनं?"

"मत घ्या," कुणीतरी ओसरीवरून म्हणालं.

मत घेतलं. ज्या बायांनी वर्षापूर्वी संघप्रियासाठी हात वर केले होते त्या एकमेकींकडं बघत राहिल्या. मग एकीचा हात वर गेला, मग दुसरीचा, मग भराभर. खोल्या गेल्या तर लेकरं कुठं ठेवायची, हा प्रश्न प्रत्येकीच्या तोंडावर होता. बिब्बा ओळखणाऱ्या म्हातारीनंही हात वर केला.

संघप्रिया उठली, सगळ्यांना हात जोडले आणि वडिलांबरोबर बाहेर पडली.

७

चार दिवसांनी रुख्मिणीबाईंना कळलं की संघप्रिया परभणीला मावशीकडं राहायला निघालीय. त्या स्टँडवर गेल्या. ती बाकावर बसली होती, पायाशी बॅग. वडील तिकिटाचं विचारायला गेले होते.

"मी राजीनामा दिला अध्यक्षपदाचा," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "तू हो म्हण. वर अर्ज करू. कागद मी लिहिते, साक्षी मी जमवते. असं अन्यायानं काढता येत नाही कुणाला."

"अर्जात काय लिहाल काकू?"

"जे घडलं ते. सगळं."

संघप्रियानं त्यांच्याकडं बघितलं. तिच्या आवाजात चढउतार नव्हता. "सुलाआजी मंगळवारीच संध्याकाळी आमच्या घरी आली होती. घाबरली होती बिचारी. तिनं मला तेलाचं सांगितलं. मनिषानं आधीच सांगितलं होतं ते. मला तेव्हाच कळलं."

 रुख्मिणीबाई बाकाच्या टोकाला टेकल्या.

"मग तू का बोलली नाहीस सभेत?"

"मी बोलले असते तर लोक म्हणाले असते, स्वतःवर आलं म्हणून दुसरीवर ढकलायली. तुमी बोलला असता तर ऐकलं असतं. ती बाई उठून विचारायली तेव्हा मी वडिलांचा हात घट्ट धरला होता. म्हणलं, आता काकू सांगतील." तिनं बॅग जवळ ओढली. "सरजाआजीनं औषध लावलं. किशनरावांकडून मी दुसरी आशाच केली न्हाई. पण मनिषा आणि मी रोज एका डब्यात जेवत होतो. ते खरं बाहेर आलं असतं, तर त्याला गैरसमज म्हणता आलं नसतं कुणाला."

"ती माझी..." रुख्मिणीबाईंनी सुरुवात केली.

"माहीत हाय काकू."

बस आली. सिद्धोधनरावांनी बॅग उचलली, रुख्मिणीबाईंना नमस्कार केला. त्यांना काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, "तुमचे लय उपकार झाले वहिनी. पोरीवरचा डाग तुमी पुसला." संघप्रिया खिडकीशी बसली आणि समोर बघत राहिली. बस वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तिनं मान वळवली नाही.

रुख्मिणीबाई उन्हातून चालत घरी आल्या. मनिषा नुकतीच बालवाडीतून परतली होती. नव्या साडीचा पदर खोचून ती चहा गाळत होती.

"कुठं गेला होता काकू एवढ्या उन्हाचं?"

"कुठं नाही," रुख्मिणीबाई म्हणाल्या, आणि तिनं पुढं केलेला कप त्यांनी घेतला.